दोन व्याधि आणि एक उशीर

आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे उशीर. शाळामास्तराला या विषयावर बोलण्याचा थोडासा अधिकार आहे असें मी मानतों. छत्तीस वर्षें मीं हजेरीपट भरला, आणि घंटा झाल्यावर दाराशीं अवघडून उभ्या राहिलेल्या पोरांचीं नाना कारणें ऐकलीं. कोणाची म्हैस सुटली, कोणाच्या नाल्याला पूर आला, कोणाला घरच्यांनीं कपाशीच्या वेचणीला धाडलें. त्यांतून एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. उशीर हा एकट्या पोराचा अपराध क्वचितच असतो. त्याच्या मागें घर असतें, रस्ता असतो, ऋतु असतो. आणि पुष्कळ वेळां मास्तरहि असतो.

मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि इतिहास वाचण्याची आवड असलेला खानदेशांतील एक खेडवळ शिक्षक आहें. निवृत्त झाल्यावर वैद्यकाचा इतिहास वाचण्याचा मला छंद लागला. त्यांतील दोन व्याधींची हकीकत आज सांगावयाची आहे. एक व्याधि मूत्रपिंडें निकामी होण्याची. तिच्यावरचा डायलिसिस हा उपचार आतां आपल्या घरोघरीं नांवानें तरी माहीत झाला आहे. दुसरी व्याधि म्हणजे तान्ह्या मुलांच्या डोळ्यांत होणारा कर्करोग. या दोन व्याधींचा एकमेकींशीं संबंध काय, असें आपण विचाराल. शरीरांत त्यांचा संबंध नाहीं, इतिहासांत आहे. पहिल्या व्याधींत रोगी दाराशीं येऊन उभा होता, पण विद्या यावयाची होती. दुसरींत विद्या केव्हांच आली आहे, आणि रोगी मात्र अजून वाटेवर आहे.

प्रथम मूत्रपिंडांची हकीकत घेऊं. कण्याच्या दोन्ही बाजूंस मुठीएवढीं दोन मूत्रपिंडें असतात. दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव त्यांतून गाळला जातो. त्यांपैकीं बहुतेक सारा परत रक्तांत जातो आणि दीड-दोन लिटर काय तो मूत्ररूपानें बाहेर पडतो. हें काम थांबलें कीं यूरियासारखीं टाकाऊ द्रव्यें रक्तांत सांचूं लागतात. मग अन्नाचा तिटकारा, उलट्या, सूज, ग्लानि आणि शेवटीं मृत्यु, असा क्रम ठरलेला. लंडनच्या गाय्ज रुग्णालयांतील डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनीं १८२७ सालीं या विकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें. परंतु वर्णन करणें निराळें आणि वांचविणें निराळें. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षें वैद्य या रोग्याच्या उशाशीं बसत, पुढें काय होणार तें अचूक सांगत, आणि तेंच होत असलेलें पाहत.

उपायाचें बीज एका रसायनशास्त्रज्ञाच्या टेबलावर पडलें. आपल्याकडे दही फडक्यांत बांधून टांगतात. पाणी निथळून जातें व चक्का राहतो. टॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश शास्त्रज्ञानें यापेक्षां पुष्कळच सूक्ष्म अशा पडद्यानें द्रवांतील द्रव्यें वेगळीं केलीं. लहान कण पडद्यापलीकडच्या पाण्यांत उतरतात, मोठे अलीकडेच अडतात. १८६१ सालीं त्यानें या क्रियेस डायलिसिस हें नांव दिलें. या रीतीनें जिवंत प्राण्याचें रक्त शुद्ध करतां येईल काय, हा प्रश्न अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें जॉन एबल यांनीं हातीं घेतला, आणि १९१३ सालीं कुत्र्यांवर तो प्रयोग यशस्वी केला. नळींत रक्त गोठूं नये म्हणून त्यांस जळवांच्या मुखांतून काढलेलें द्रव्य वापरावें लागलें! माणसावर पहिला प्रयत्न जर्मनींत गीसेन येथें गेऑर्ग हास यांनीं १९२४ सालीं केला. पण त्या प्रयत्नांनीं कोणाचा जीव वांचला नाहीं.

यापुढची कथा हॉलंडची. १९३८ सालीं ग्रोनिंगेन येथील रुग्णालयांत एका शेतकऱ्याचा तरुण मुलगा मूत्रपिंडाच्या विकारानें मरण पावला. त्याच्या आईला तें वर्तमान सांगण्याची पाळी विलेम कोल्फ नांवाच्या उमेदवार डॉक्टरवर आली. त्या मुलाच्या रक्तांतील थोडासा यूरिया रोज काढतां आला असता तर तो जगला असता, या विचारानें कोल्फना घेरलें. पुढें जर्मनांनीं हॉलंड व्यापला. नाझींनीं नेमलेल्या वरिष्ठाच्या हाताखालीं राहणें नको म्हणून कोल्फ कांपेन या लहानशा गांवीं आले. तेथें १९४३ सालीं त्यांनीं आपलें यंत्र उभें केलें. लांकडी पट्ट्यांचें एक फिरतें पिंप, त्याभोंवतीं गुंडाळलेली सेलोफेनची लांबच लांब नळी, आणि खालीं क्षारमिश्रित पाण्याची एनॅमलची टाकी. ती सेलोफेनची नळी खाटिकाच्या दुकानांत मांसाचें सारण भरण्यास वापरीत, आणि टाकी गांवच्या एनॅमलच्या कारखान्याच्या मदतीनें झाली. आधींच्या पंधरा-सोळा रोग्यांपैकीं जवळजवळ सगळे दगावले. १९४५ च्या सप्टेंबरांत सदुसष्ट वर्षांची एक बेशुद्ध बाई या यंत्राला जोडली गेली, आणि कांहीं तासांनीं तिनें डोळे उघडले. ती युद्धांत शत्रूच्या बाजूची म्हणून कैदेंत होती. तिला कशाला वांचवितां, असें कोल्फना कांहीं लोकांनीं विचारलेंहि म्हणतात. तिच्या अंगावर कैद्याचा शिक्का होता, पण कोल्फना समोर दिसत होता तो रोगी. यापुढें ती आणखी कांहीं वर्षें जगली.

कोल्फ यांच्या यंत्रानें तात्पुरती अडचण निभावे, कायमची नाहीं. कारण प्रत्येक वेळीं नवी रक्तवाहिनी कापावी लागे. १९६० सालीं अमेरिकेंतील सिअॅटल येथें बेल्डिंग स्क्रिब्नर यांनीं टेफ्लॉनची नळी हातांत कायमची बसविण्याची युक्ति काढली. त्यांचा पहिला रोगी पुढें अकरा वर्षें जगला. १९६६ सालीं मनगटाशीं शीर व धमनी एकमेकींस जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध झाली. ती आजहि रूढ आहे. पण यंत्रें थोडीं व रोगी फार. तेव्हां सिअॅटलमध्यें कोणास यंत्रावर घ्यावें व कोणास नाहीं, हें ठरविण्यासाठीं सात नागरिकांची समिति नेमली गेली. कोणाला मुलें किती, कोणाचा धंदा काय, हें पाहून ती निवड करी. १९६२ सालीं ही हकीकत छापून आली तेव्हां वाचकांच्या अंगावर कांटा उभा राहिला.

आपल्या देशांत हा उपचार १९६० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत वेल्लोर येथें सुरू झाला. खानदेशापर्यंत यावयास त्याला आणखी कित्येक वर्षें लागलीं. माझ्या तरुणपणीं मूत्रपिंडें गेलीं असें निदान झालें कीं पुणें-मुंबई गांठावी लागे. आणि ज्याच्याजवळ विकावयास शेत नसे त्याला तीहि वाट बंद असे. सिअॅटलला सात माणसांची समिति बसली होती. आमच्याकडे सातबाऱ्याचा उतारा हीच समिति होती. हें चित्र आतां पालटलें आहे. राज्य सरकारची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजीं ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत आपला धुळे जिल्हा होता. पुढच्या वर्षीं ती सर्व जिल्ह्यांत आली, आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नांवानें चालू आहे. डायलिसिस आणि कर्करोगाचे उपचार हे दोन्ही तिच्यांत येतात. २०१६ सालीं केंद्र सरकारनें जिल्हा रुग्णालयांतून गरिबांसाठीं मोफत डायलिसिसचा कार्यक्रमहि हातीं घेतला.

तरीहि सारें सोपें झालें असें कोणीं समजूं नये. आठवड्यांतून दोन-तीनदां, प्रत्येक वेळीं सुमारें चार तास यंत्राला जोडून घेणें, हा त्या रोग्याचा जन्माचा नेम. साक्रीच्या किंवा चोपड्याच्या बाजूच्या खेड्यांतून पहाटेची एस. टी. धरून येणाऱ्या माणसाचा तो दिवस बुडतो. सोबत येणाऱ्याचाहि बुडतो. शिवाय आतां उशिरानें जागा बदलली आहे. मधुमेह आणि रक्तदाब हे मूत्रपिंडांचे मोठे शत्रु आहेत, आणि ते वर्षानुवर्षें गुपचूप काम करतात. लघवींतील प्रथिनें व रक्तांतील क्रिएटिनीन यांची तपासणी अगदीं साधी आहे. ती वेळीं केली तर पुष्कळांची यंत्राची वेळ टळते किंवा लांबते. पण पायांवर सूज येईतों आपण थांबतों. म्हणजे विद्या आली, यंत्र आलें, आणि आतां रोगीच उशिरा येऊं लागला.

या उशिराचें सर्वांत करुण उदाहरण दुसऱ्या व्याधींत आहे. डोळ्याच्या आंत मागील बाजूस एक नाजूक पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. त्या पडद्यांत लहान मुलांस, बहुधा पांच वर्षांच्या आंत, एक कर्करोग होतो. रेटिनोब्लास्टोमा हें त्याचें नांव. सुमारें पंधरा ते वीस हजार जन्मलेल्या मुलांत एकाला तो होतो. हें प्रमाण लहान वाटेल; पण आपल्या देशांत मुलें इतकीं जन्मतात कीं दर वर्षीं सुमारें १५०० मुलांस हा रोग होत असावा असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. इतके रोगी जगांत दुसऱ्या कोणत्याहि देशांत नाहींत.

या रोगाची विद्या किती जुनी आहे पहा. हॉलंडमधील लायडन येथें पीटर पाव यांनीं १५९७ सालीं एका बालकाच्या डोळ्यांतील अशा गांठीचें वर्णन लिहून ठेविलें. एडिंबरोचे शस्त्रवैद्य जेम्स वॉर्ड्रॉप यांनीं १८०९ सालीं आपल्या ग्रंथांत असें दाखविलें कीं हा रोग दृष्टिपटलापासून उगम पावतो, आणि तो डोळ्याबाहेर पसरण्यापूर्वीं डोळा काढून टाकला तर मूल वांचूं शकेल. १८०९ साल म्हणजे आपल्याकडे पेशवाई अद्याप चालू होती. क्लोरोफॉर्म यावयास ३८ वर्षें अवकाश होता. तान्ह्या मुलाचा डोळा भूल दिल्यावांचून काढावयाचा, ही कल्पनाहि सहन होत नाहीं. त्या काळच्या बहुतेक शस्त्रक्रिया फुकट गेल्या. वॉर्ड्रॉप यांचा सिद्धान्त खरा होता. परंतु मूल वैद्याकडे येई तेव्हां रोग डोळ्याबाहेर गेलेला असे.

पुढें एकेक साधन येत गेलें. १८४७ सालीं क्लोरोफॉर्म आलें. १८५१ सालीं जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनीं डोळ्याच्या आंत पाहण्याचें उपकरण शोधिलें, आणि जिवंत माणसाचें दृष्टिपटल मनुष्यास प्रथमच नीट दिसलें. बर्लिनचे नेत्रवैद्य फॉन ग्रेफे यांनीं डोळ्याबरोबर दृष्टीच्या मज्जातंतूचा लांब तुकडाहि काढावा असें सांगितलें, कारण रोग त्याच वाटेनें मेंदूकडे जातो. १९०३ सालीं अमेरिकेंत या रोगावर क्ष-किरणांचा प्रयोग झाला. १९२६ सालीं रेटिनोब्लास्टोमा हें नांव रूढ झालें. १९७१ सालीं आल्फ्रेड नडसन यांनीं अवघ्या ४८ रोग्यांच्या नोंदींवरून असें अनुमान काढलें कीं, पेशींतील एका विशिष्ट गुणसूत्रघटकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या म्हणजे हा रोग होतो. एक बिघडलेली प्रत जन्मतःच आली असेल, तर बहुधा दोन्ही डोळ्यांस धोका असतो. १९८६ च्या ऑक्टोबर महिन्यांत अमेरिकेंतील संशोधकांनीं तो घटक प्रत्यक्ष ओळखून काढला. कर्करोगास लगाम घालणारा मानवी शरीरांतील असा घटक प्रथमच हातीं लागला होता. एका लहानशा, विरळ व्याधीनें साऱ्या कर्करोगविद्येचें दार उघडलें.

श्रोतेहो, त्याच ऑक्टोबर महिन्याची माझी एक आठवण आहे. ती सांगितल्यावांचून हें भाषण प्रामाणिक होणार नाहीं.

मी त्या वेळीं सव्वीस वर्षांचा होतों, आणि जळगांव जिल्ह्यांत तापीकांठच्या एका खेड्यांत नोकरीस होतों. नवरात्र चालू होतें. माझ्या वर्गांतल्या एका मुलाची आई दोन वर्षांची मुलगी कडेवर घेऊन शाळेच्या ओट्याशीं आली आणि म्हणाली, "गुरुजी, रातले दिवा लावा का आंडेरना डोया मांजरना मायक चमकस." आंडेर म्हणजे लेक, रात्रीं दिवा लावला कीं लेकीचा डोळा मांजरासारखा चमकतो, असें ती सांगत होती. घटापुढच्या दिव्याशीं मुलीला घेऊन बसली असतां तिनें तें पाहिलें होतें. घरीं सासू म्हणाली, दृष्ट लागली असेल. नवरा म्हणाला, पोर हंसते-खेळते, दुखत-खुपत कांहीं नाहीं, तुझें आपलें कांहींतरीच. म्हणून ती माझ्याकडे आली. गांवांत शिकलेला माणूस मीच.

मीं मुलीकडे पाहिलें. दिवसाच्या लख्ख उजेडांत मला कांहीं दिसलें नाहीं. मीं मोठ्या शहाणपणानें सांगितलें, "घाबरूं नका, ताई. वेचणी आटोपली कीं तालुक्याला दाखवून या."

त्यांनीं माझें ऐकलें. वेचणी संक्रांतीच्या सुमारास संपली. तालुक्याच्या डॉक्टरांनीं तात्काळ मुंबईस जावयास सांगितलें. मुंबईंत डोळा काढावा लागेल असें निघालें. आजोबा म्हणाले, एका डोळ्याची पोर उद्यां कोण करील? तीं मंडळी मुलीला घेऊन परत आलीं. पुढें डोळा सुजून बाहेर आला तेव्हां पुन्हां धांवाधांव झाली, पण पावसाळ्यापूर्वीं ती मुलगी गेली. तिचा भाऊ चार दिवसांनीं शाळेंत आला आणि दाराशीं उभा राहिला. तो कां उशिरा आला हें मीं त्याला विचारलें नाहीं.

ती आई निरक्षर होती, आणि तिनें जें पाहिलें तें बरोबर होतें. वॉर्ड्रॉप यांच्या ग्रंथाला तेव्हां १७७ वर्षें होऊन गेलीं होतीं. परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून उघडें होतें. आमच्या खानदेशांतून मुंबईस जाणारी आगगाडी तर एकोणिसाव्या शतकापासून धांवत होती. संध्याकाळीं गाडींत बसलेला माणूस सकाळीं दादरला उतरे. विद्या होती, रुग्णालय होतें, गाडी होती. त्या आईच्या आणि गाडीच्या मध्यें मी उभा होतों.

माझ्या एकट्याच्या गांवचीच ही गोष्ट असती तर ती मीं मनांत ठेविली असती. पण २०२० सालीं १५३ देशांतील ४३५१ बालरोग्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्यांत हीच कथा आंकड्यांनीं सांगितली आहे. श्रीमंत देशांत या रोगाचें निदान होतें तेव्हां मुलाचें मध्यम वय १४ महिन्यांचें असतें. सर्वांत गरीब देशांत तें ३० महिन्यांचें असतें. श्रीमंत देशांत निदानाच्या वेळीं रोग डोळ्याबाहेर गेलेला असतो तो शंभरांत दीड मुलांच्या बाबतींत. सर्वांत गरीब देशांत शंभरांत ४९ मुलांच्या बाबतींत. याच रोग्यांच्या पुढील पाहणींत असें दिसलें कीं, श्रीमंत देशांतील शंभरांपैकीं ९९ हून अधिक मुलें तीन वर्षांनंतर जिवंत होतीं. सर्वांत गरीब देशांत सुमारें ५७. रोग एकच, औषधें तींच. मध्यें जे सोळा महिने आहेत, त्यांत हीं मुलें जातात.

ते महिने कोठें जातात, हेंहि आतां ठाऊक झालें आहे. हा रोग आरंभीं दुखत नाहीं. मूल दुसऱ्या डोळ्यानें पाहतें, म्हणून तक्रार करीत नाहीं. आणि इतक्या लहान मुलास तक्रार करतांहि येत नाहीं. प्रथम दिसतें तें आईला, आणि तिचा शब्द घरांत शेवटीं ऐकला जातो. मग रस्ता, भाडें, पेरणी, वेचणी. आणि सर्वांत शेवटीं डोळा काढण्याची भीति, तीहि मुलगी असेल तर दुप्पट. खरी गोष्ट अशी आहे कीं लवकर आलेल्या पुष्कळ मुलांचा डोळा आतां काढावा लागत नाहीं. औषधें, शीतोपचार व लेसर यांनीं तो वांचवितां येतो. आणि काढावा लागलाच तर कृत्रिम डोळा इतका हुबेहूब बसवितात कीं वर्गांत शेजारीं बसणाऱ्या पोरालाहि कळत नाहीं. एक डोळा देऊन लेक घरीं येत असेल तर हा सौदा महाग नाहीं.

म्हणून जळगांव-धुळ्याकडील माझ्या भगिनींस हात जोडून इतकेंच सांगतों. तान्ह्या मुलाच्या बाहुलींत मंद उजेडांत पांढरी झांक दिसली, मोबाईलनें काढलेल्या चित्रांत एक डोळा तांबूस व दुसरा पांढरा आला, किंवा मूल नव्यानेंच तिरळें पाहूं लागलें, तर त्याच आठवड्यांत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. बाहुली मोठी करून आंतला पडदा पहा, असें स्पष्ट सांगा. तो मोतीबिंदूहि असूं शकेल. पण लहान मुलाचा मोतीबिंदूहि थांबण्यासारखा नसतो. घरांत पूर्वीं कोणा मुलास हा रोग झाला असेल, तर पुढचें प्रत्येक मूल जन्मतांच दाखवा. धुळ्यास १९८९ पासून आणि जळगांवास २०१८ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. पहिलें दार आतां परळइतकें दूर राहिलेलें नाहीं.

आणि माझ्या शिक्षक बंधूंस, अंगणवाडीच्या ताईंस, गांवांतल्या प्रत्येक शिकलेल्या माणसास एक विनंति. उद्यां एखादी बाई कडेवर मूल घेऊन तुमच्या ओट्याशीं येईल. तिला वेचणी आटोपूं द्या असें सांगूं नका. कपाशी दोन दिवस झाडावर राहिली तर राहूं द्या. तिला एस. टी. च्या थांब्यापर्यंत सोडावयास जा.

हजेरीपटावरच्या उशिराच्या खुणा मीं आयुष्यभर दुसऱ्यांच्या नांवापुढें केल्या. त्यांतली एक माझ्या नांवापुढें हवी होती, ती आज आपणां सर्वांसमक्ष मीं केली आहे.